जमिनीला बोटे टेकतात का?

उद्या शारीरिक शिक्षणाच्या तासाला एक साधी गोष्ट करून पाहा. मुलांना चपला-बूट काढून, पाय जुळवून सरळ उभे राहायला सांगा. गुडघे न वाकवता कमरेतून सावकाश खाली वाकायचे, हाताची बोटे जमिनीला टेकवायची आणि तीन आकडे मोजून होईपर्यंत तसेच थांबायचे. हिसका द्यायचा नाही. काही मुलांची बोटे सहज टेकतील, काहींची घोट्यापाशीच अडतील. थोडी हसाहशी होईल. मग मुलांना विचारा, 'ज्यांची बोटे टेकली ती मुले तंदुरुस्त आणि ज्यांची टेकली नाहीत ती कमजोर, असे म्हणता येईल का?'

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. एवढ्याशा वाकण्याने १९५५ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना धक्का बसला होता आणि त्यातून पुढे कोट्यवधी मुलांना शाळेत दरवर्षी द्यावी लागणारी एक परीक्षा जन्माला आली. त्या परीक्षेची ही गोष्ट.

पराभव आणि कवायत

शाळेत व्यायाम का शिकवायचा, ह्या प्रश्नाला इतिहासात बहुतेक वेळा मिळालेले उत्तर मुलांच्या नव्हे, सैन्याच्या गरजेतून आलेले आहे. १८०६ साली येना येथे नेपोलियनने प्रशियाचा पराभव केला. पुढे १८११ मध्ये बर्लिनजवळच्या हासेनहाइडे येथे फ्रीडरिश यान ह्या शिक्षकाने उघड्यावर व्यायामाचे मैदान सुरू केले. मुलांनी डबल बार आणि सिंगल बारवर शरीर कमवावे आणि देश पुन्हा उभा करावा, ही त्याची इच्छा होती. १८०९ मध्ये स्वीडनने फिनलंड गमावला. १८१३ मध्ये पेर हेन्रिक लिंग ह्यांच्या प्रयत्नाने स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची मध्यवर्ती संस्था निघाली. रांगेत उभे राहून हुकुमाबरोबर हातपाय हलवण्याची जी कवायत जगभरच्या शाळांत पोचली, तिचे एक मूळ ह्या स्वीडिश पद्धतीत आहे.

ब्रिटनमध्येही तेच घडले, पण तिथे गोष्टीला एक वेगळे वळण मिळाले. बोअर युद्धाच्या वेळी (१८९९–१९०२) भरतीसाठी आलेले अनेक तरुण शारीरिक तपासणीत नापास झाले. सरकारने समिती नेमली. १९०४ मध्ये तिचा अहवाल आला. त्यात शाळांतून व्यायाम हवा असे तर होतेच, पण मुले उपाशी आहेत, आजारी आहेत, कोंदट वस्तीत राहतात, हेही होते. त्यानंतर १९०६ मध्ये गरजू मुलांना शाळेत जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना देणारा कायदा झाला आणि १९०७ मध्ये शाळेत वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. नापास झालेली शरीरे पाहून 'आणखी कवायत करा' एवढेच न म्हणता 'ह्यांनी आज काय खाल्ले?' असेही कुणीतरी विचारले. ही गोष्ट लक्षात ठेवू, पुढे उपयोगी पडेल.

दवाखान्यातली चाचणी

आता अमेरिकेकडे वळू. हान्स क्राउस हे मूळचे ऑस्ट्रियन डॉक्टर न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात पाठदुखीच्या रुग्णांवर उपचार करत. ते स्वतः पट्टीचे गिर्यारोहक होते. पुष्कळ रुग्णांच्या हाडांत दोष सापडत नसे, पण पोटाचे आणि पाठीचे स्नायू दुबळे आणि ताठरलेले असत. म्हणून १९४० च्या दशकात सोन्या वेबर ह्या सहकारी डॉक्टरांबरोबर त्यांनी सहा सोप्या चाचण्या ठरवल्या. पाठीवर झोपून, पाय सरळ ठेवून उठून बसणे. गुडघे मुडपून उठून बसणे. पाठीवर झोपून दोन्ही पाय उचलून दहा सेकंद धरणे. पालथे झोपून छाती उचलून दहा सेकंद धरणे. पालथे झोपूनच पाय उचलून दहा सेकंद धरणे. आणि शेवटची, आपण वर केली ती, वाकून जमिनीला बोटे टेकवणे. सहापैकी एक जरी जमली नाही तरी नापास.

क्राउस ह्यांच्या गिर्यारोहणातल्या सोबती बॉनी प्रुडन ह्यांना आपल्या मुलींच्या शाळेतील व्यायामाच्या तासाने समाधान होत नव्हते. त्यांनी आसपासची मुले गोळा करून स्वतःच वर्ग सुरू केले आणि ह्या सहा चाचण्या मुलांना देऊन पाहिल्या. अनेक धडधाकट दिसणारी मुले नापास झाली. मग दोघांनी मिळून मोठी पाहणी केली. अमेरिकेतील ४,२६४ आणि ऑस्ट्रिया, इटली व स्वित्झर्लंडमधील २,८७० मुले तपासली. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निदान एका चाचणीत नापास झालेली मुले अमेरिकेत ५७.९ टक्के होती आणि युरोपात ८.७ टक्के.

क्राउस ह्यांनी कारण दिले ते साधे होते. अमेरिकन मूल मोटारीतून शाळेत जाते, लिफ्टने वर जाते. युरोपातले मूल चालते, जिने चढते.

राष्ट्राध्यक्षांच्या घरी जेवण

हे आकडे फिलाडेल्फियाच्या जॉन केली ह्या जुन्या ऑलिंपिक नौकानयनपटूच्या वाचनात आले. त्यांनी ते आपल्या सिनेटरला दाखवले आणि सिनेटरने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांच्यापर्यंत पोचवले. ११ जुलै १९५५ रोजी व्हाइट हाउसमध्ये नामवंत खेळाडूंसह भोजनाची बैठक झाली आणि क्राउस व प्रुडन ह्यांनी आपली पाहणी मांडली.

काळ कोणता होता ते पाहा. आयझेनहॉवर हे दुसऱ्या महायुद्धातले सेनापती. कोरियाचे युद्ध संपून दोनच वर्षे झालेली. सोव्हिएत रशियाशी शीतयुद्ध ऐन भरात. अशा वेळी 'आपली मुले युरोपातल्या मुलांपेक्षा दुबळी आहेत' हे वाक्य शिक्षणखात्यापुरते राहणे शक्यच नव्हते. लगेच परिषद ठरली. सप्टेंबरमध्ये खुद्द आयझेनहॉवर ह्यांनाच हृदयविकाराचा झटका आला आणि परिषद पुढे ढकलावी लागली. अखेर ती १९५६ च्या जूनमध्ये झाली आणि १६ जुलै १९५६ रोजी युवकांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्राध्यक्षांचे खास मंडळ स्थापन झाले.

पण मोजले काय?

इथे थोडे थांबू. ५७.९ आणि ८.७ हे आकडे शेजारीशेजारी ठेवले की मन घाबरते. अशा वेळी शिक्षकाने मुलांना विचारायला शिकवावे असा प्रश्न म्हणजे, 'हे मोजले कसे?'

पहिली गोष्ट अशी की चाचणी पाठदुखीच्या रुग्णांसाठी तयार झालेली होती. पाठ दुखू नये म्हणून स्नायूंत किमान किती ताकद आणि लवचीकपणा हवा, एवढेच ती सांगते. हृदय आणि फुप्फुसे किती कार्यक्षम आहेत, मूल किती वेळ धावू शकते, ह्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट, नापास होण्याचे मोठे कारण कोणते होते? अमेरिकेतली सुमारे ४४ टक्के मुले त्या शेवटच्या, जमिनीला बोटे टेकवण्याच्या चाचणीत अडली. वाकताना मांडीच्या मागचे स्नायू किती ताणले जातात ह्यावर ते अवलंबून असते. शिवाय हात लांब की आखूड, मूल झपाट्याने उंच होण्याच्या वयात आहे का, ह्यावरही. आणि सवयीवर! औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले होते. रोज सूर्यनमस्कार घालणाऱ्या मुलाला ही चाचणी हसत पार पडेल, कारण तो नेमके तेच रोज करतो. शरीर ज्याचा सराव करते तेच त्याला चांगले जमते. पण म्हणून ते मूल एक मैल धावू शकेलच असे नाही.

तरीही सगळा दोष चाचणीवर टाकून मोकळे होता येत नाही. ताकदीच्या पाच चाचण्यांतही फरक मोठा होता. अमेरिकेत अपयशाचे प्रमाण सुमारे ३६ टक्के, तर युरोपात जेमतेम एक टक्का. मात्र तपासलेली मुले देशाचे प्रतिनिधित्व करतील अशा रीतीने निवडलेली नव्हती. पाहणीने एक खरा प्रश्न दाखवून दिला, पण त्याचे उत्तर देण्याएवढे बळ तिच्यात नव्हते.

सात परीक्षा आणि एक बिल्ला

शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनाही हे पटले होते. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने नवी चाचणी बनवली आणि १९५७–५८ मध्ये पाचवी ते बारावीच्या सुमारे ८,५०० मुलामुलींवर ती घेतली. ह्या वेळी नमुना देशभरातून निवडलेला होता. चाचणीचे भाग सात होते. पुल-अप, उठून बसणे, ये-जा करण्याची शटल धाव, उभ्याने लांब उडी, ५० यार्ड धाव, सॉफ्टबॉल फेकणे आणि ६०० यार्ड धावणे किंवा चालणे.

१९६० च्या डिसेंबरमध्ये, निवडून आलेले पण अजून पदावर न बसलेले जॉन केनेडी ह्यांनी 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' साप्ताहिकात अमेरिकन माणूस मऊ पडत चालला आहे असा लेख लिहिला. गंमत अशी की त्यांची स्वतःची पाठ इतकी दुखत असे, की १९६१ मध्ये त्यांच्यावर उपचार करायला हान्स क्राउस ह्यांनाच बोलावावे लागले! केनेडींच्या काळात व्यायामाची जणू लाट आली. कॅलिफोर्नियातील ला सिएरा हायस्कूलचा कार्यक्रम आदर्श म्हणून देशाला दाखवला गेला. तिथे मुलांच्या ताकदीप्रमाणे त्यांच्या चड्डीचा रंग ठरे. सुरुवातीला पांढरी, मग लाल, निळी, वरच्या पायरीला सोनेरी. पुष्कळ मुलांना वरचा रंग मिळवण्याची ईर्षा वाटे आणि त्यांनी खरोखर थक्क करणारी ताकद कमावली. पण पांढऱ्या चड्डीतच वर्ष काढणाऱ्या मुलाला रोज मैदानावर येताना काय वाटत असेल?

१९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांच्या कारकिर्दीत बिल्ला सुरू झाला. तो मिळवण्यासाठी सातही प्रकारांत, देशव्यापी मोजणीतल्या त्या वयाच्या वरच्या १५ टक्के मुलांएवढे गुण लागत. गणिताच्या शिक्षकांनी इथे वर्गाला एक उदाहरण घालावे. एका प्रकारात शंभरांतली १५ मुले पात्र ठरतात. मग सातही प्रकारांत पात्र ठरणारी किती असतील? सात गुण एकमेकांपासून अगदी स्वतंत्र असते तर जवळजवळ कुणीच नाही. चपळ मूल बहुधा उडीतही पुढे असते, म्हणून काही मिळतात, पण ती १५ पेक्षा बरीच कमी. म्हणजे तंदुरुस्ती वाढावी म्हणून काढलेल्या योजनेत, जी मुले आधीच तंदुरुस्त होती त्यांनाच बक्षीस मिळत होते. ज्यांच्यासाठी योजना होती, त्यांना दरवर्षी सगळ्यांसमोर बारला लोंबकळून 'शून्य' ऐकावे लागे. अमेरिकेतील कित्येक प्रौढांना शाळेतला हा प्रसंग आजही आठवतो.

मग तंदुरुस्ती वाढली का? १९६५ च्या सुमारास पुन्हा मोजणी झाली तेव्हा बहुतेक प्रकारांत गुण सुधारलेले दिसले. १९७५ ला तिसरी मोजणी झाली, तेव्हा त्यात आणखी फारशी भर पडलेली नव्हती. पहिली सुधारणा तंदुरुस्तीची होती की परीक्षेच्या सरावाची, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे सराव प्रश्नपत्रिका सोडवून वाढलेल्या गुणांबद्दल आपण हाच प्रश्न विचारतो.

कंडक्टर आणि ड्रायव्हर

दरम्यान विज्ञान दुसऱ्याच दिशेने चालले होते. १९५३ मध्ये लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस ह्यांनी एक सुंदर तुलना प्रसिद्ध केली. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून असतो. त्याच बसचा कंडक्टर दिवसभर जिना चढउतार करतो. दोघांची नोकरी एकाच संस्थेतली. पण हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांमध्ये बरेच कमी निघाले. पुढे त्यांच्या गणवेशाच्या मापांवरून असेही दिसले, की ड्रायव्हर मुळातच जाडे असत. तेव्हा सगळे श्रेय जिन्याला देता येईना. पण मॉरिस ह्यांनी इतर व्यवसायांतही हा संबंध तपासला आणि शारीरिक हालचाल व हृदय ह्यांच्या नात्याचा शास्त्रीय अभ्यास इथून सुरू झाला.

कंडक्टर पुल-अप काढत नव्हता. तो फक्त रोज, वर्षानुवर्षे, हलत होता. १९६८ मध्ये केनेथ कूपर ह्यांच्या 'एरोबिक्स' ह्या पुस्तकाने हाच विचार घराघरांत नेला. स्नायूंना सतत प्राणवायू पुरवण्याची हृदय-फुप्फुसांची क्षमता मोजायची तर सलग बारा मिनिटे धावा आणि अंतर मोजा, असे त्यांनी सांगितले.

ह्याचा परिणाम शाळेतल्या चाचणीवर झाला. १९७० च्या दशकाच्या मध्यास सॉफ्टबॉल फेकणे वगळले गेले, कारण त्यात तंदुरुस्तीपेक्षा चेंडू टाकण्याचे कसब मोजले जात होते. पाय सरळ ठेवून उठून बसण्याऐवजी गुडघे मुडपून उठणे आले. पाय सरळ असताना मांडीला कण्याच्या खालच्या मणक्यांशी जोडणारे स्नायू जोर लावतात, पोटाचे बाजूला राहतात आणि कमरेवर ताण येतो. जास्त अंतर धावण्याचा पर्यायही आला. १९८२ मध्ये कूपर ह्यांच्याच संस्थेतून 'फिटनेसग्राम' निघाले. काही वर्षांतच त्यात इतरांशी तुलना थांबली. आरोग्यासाठी ह्या वयात किमान एवढे हवे, असा निकष ठरला. त्यामुळे सगळा वर्गच्या वर्ग पास होणे निदान शक्य झाले.

मुलाला नव्हे, तासाला मोजा

तरी आतापर्यंत सगळे मुलांनाच मोजत होते. नापास झाले ते मूल. १९९० च्या दशकात काही संशोधकांनी हा प्रश्न उलटा केला आणि शारीरिक शिक्षणाचा तास स्वतः पास होतो का, असे विचारले.

त्यासाठी १९९१ मध्ये निरीक्षणाची एक पद्धत तयार झाली. निरीक्षक एका मुलावर दहा सेकंद नजर ठेवतो आणि पुढच्या दहा सेकंदांत नोंद करतो. मूल पडून आहे, बसले आहे, उभे आहे, चालते आहे की चांगलेच धावते-उड्या मारते आहे? असे तासभर. १९९१ ते १९९४ ह्या काळात अमेरिकेच्या चार राज्यांतील ९६ प्राथमिक शाळांत 'कॅच' नावाचा मोठा प्रयोग झाला, त्यात ही पद्धत वापरली गेली. सुरुवातीला असे दिसले, की मुले तासाचा जेमतेम ३७ टक्के वेळ मध्यम किंवा जोरदार हालचाल करतात. उरलेला वेळ? रांगेत उभे राहणे, हजेरी, सूचना ऐकणे, चेंडू आपल्याकडे येण्याची वाट पाहणे.

निम्म्याहून थोड्या अधिक शाळांतील शिक्षकांना प्रशिक्षण दिले. बाद झालेल्याने बाहेर बसायचे असे खेळ कमी केले, गट लहान केले, साहित्य वाढवले. तास तेवढाच ठेवूनही हालचालीचा वेळ सुमारे ५२ टक्क्यांवर गेला. ह्याच प्रयोगात शाळेच्या जेवणातली चरबीही कमी केली. १९०६ चा ब्रिटनमधला धडा इथे पुन्हा भेटतो, फक्त तिथे प्रश्न कमी अन्नाचा होता आणि इथे अतिस्निग्ध अन्नाचा.

हा प्रयोग प्रामाणिकपणे मांडला गेला हे त्याचे मोठेपण. मुलांचे वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ह्यांत फरक पडला नाही, हेही संशोधकांनी स्पष्ट लिहिले. तीन वर्षांनी मुले आठवीत गेली तेव्हा जास्त हालचालीची सवय काही अंशी टिकलेली दिसली, पण फरक ओसरत चालला होता. २०२१ मध्ये अशा ८९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. शाळेतील कार्यक्रमांमुळे मुलांच्या दिवसभराच्या एकूण हालचालीत सरासरीने फारशी भर पडत नाही, क्षमता कदाचित थोडी सुधारते, असा त्याचा सूर आहे. शाळा दिवसातले काही तासच पाहते. रस्ते, मैदाने, घर आणि पडदे उरलेले तास ठरवतात.

परीक्षा पुन्हा आली

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या नावाची चाचणी २०१२–१३ ह्या शालेय वर्षानंतर बंद झाली आणि तिच्या जागी फिटनेसग्रामवर आधारलेला कार्यक्रम आला. पण ३१ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प ह्यांनी जुनी चाचणी पुन्हा सुरू करण्याच्या आदेशावर सही केली. सत्तर वर्षांनी चाक फिरून तिथेच आले.

आपल्याकडेही २०१९ पासून 'फिट इंडिया' चळवळीबरोबर शाळांत मुलांची क्षमता मोजण्याचे काम सुरू झाले आहे. ५० मीटर आणि ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणे, पोटाच्या आणि दंडाच्या ताकदीच्या चाचण्या, उंची-वजन. मोजणे वाईट नाही. मोजल्याशिवाय कोणत्या मुलाला मदत हवी ते कळणार कसे? पण आकडा मुलाला चिकटवायचा की शिक्षकाच्या वहीत त्याच्या मदतीसाठी ठेवायचा, हे आपल्या हातात आहे. क्राउस ह्यांच्या दवाखान्यात चाचणीत अडलेल्या रुग्णाला व्यायाम शिकवला जाई. शाळेत आल्यावर त्याच अडण्याचे नाव 'नापास' झाले.

करून पाहा

पुढच्या महिन्यात, मुलांची चाचणी घेण्याआधी, आपल्या तासाची घ्या. एका सहकाऱ्याला किंवा दहावीतल्या दोन विद्यार्थ्यांना घड्याळ आणि कागद घेऊन मैदानाच्या कडेला बसवा. वर्गातली चार मुले चिठ्ठ्या टाकून निवडा. त्यांत एखादे मागे राहणारे मूल येईल असे पाहा. प्रत्येकाकडे आळीपाळीने दहा सेकंद पाहायचे आणि दहा सेकंदांत लिहायचे. बसले, उभे, चालते की धावते? ३५ मिनिटांच्या तासात सुमारे शंभर नोंदी होतील, त्यामुळे टक्केवारी काढायला वेगळे गणितही नको.

मग खेळ बदलून तेच पुन्हा करा. एका चेंडूऐवजी चार चेंडू, वीस जणांऐवजी पाच-पाच जणांचे गट, आणि खो-खोत बाद झालेल्यांसाठी शेजारीच दुसरा डाव. दोन्ही तासांचे आकडे फळ्यावर शेजारीशेजारी लिहा.

आणि वाकल्यावर ज्यांची बोटे घोट्यापाशी अडली होती, त्या मुलांच्या नोंदी आधी वाचा.